वर्दाचा पान्हा

वर्दा सकाळी व्याली, पण रेडकू हललं नाही.

दलदलीतल्या बेटाच्या काठच्या चिखलात ते ओलंचिंब पडून होतं. मादी होती, पारडी. वबरियाने तिच्या नाकातोंडातला चिकटा बोटाने काढला, मागचे पाय धरून तिला उलटं झुलवलं, नाकपुडीत बोरूची काडी फिरवली. शिंक नाही, धाप नाही. छातीला कान लावला, तर ऐकू आली ती स्वतःच्याच काळजाची धडधड.

दलदलीचं पाणी वर्षागणिक आटत आणि खारं होत गेलं, तशा घरच्या म्हशी मेल्या किंवा भाकड झाल्या. दुभती उरली होती ती वर्दाच. पिल्लू दिसलं नाही तर ती पान्हा चोरणार. मग साय नाही, विकायला दूध नाही, आणि बेट सोडून शहराच्या कडेला पत्र्याखाली राहायला जायचं. तिच्या नवऱ्याचे, चासिबचे, दोन्ही भाऊ तसेच गेले होते.

“बघत काय बसलीस?” चासिब सुरी घेऊन आला. “अंग वाळलं की वास गेला.”

मेलेल्या रेडकाचं कातडं ओलं असतानाच सोलायचं, त्यात गवत भरायचं आणि ते आईपुढे धरायचं. वास ओळखून ती पान्हवते. ज्याने उशीर केला त्याची म्हैस आटली, हे इथे सगळ्यांनी पाहिलं होतं.

“थोडं थांबा ना,” वबरिया म्हणाली. “पारडी आहे. वाढली तर उद्या हीच विणार.”

झोपडीतून सासू नशमिया ओरडली, “अरे, कुत्री येईपर्यंत थांबणार का? तुझा बाप असता तर एव्हाना गवत भरून झालं असतं!”

“तुझी कटकट ऐकूनच त्यानं लवकर डोळे मिटले, आई!”

चासिबने हनुवटीपासून बेंबीपर्यंत सुरी ओढली. मग एका पायाचं कातडं सोडवायला घेतलं, तोच ते पात्याखाली आक्रसलं. पायाने झटका दिला. वबरियाच्या मनगटावर कोमट मूत सांडलं. पारडीने घरघरत श्वास ओढला आणि बारीकसा आवाज काढला.

दूर बांधलेल्या वर्दाने हंबरून उत्तर दिलं.

“जिवंत आहे! सुई आणते. शिवू आपण.”

“काय शिवणार? हनुवटीपासून बेंबीपर्यंत उघडी पडलीय. दोन दिवसांत किडे पडतील. हीही जाईल, कातडंही सडेल. मग म्हशीला काय दाखवायचं, तुझं तोंड?”

“वर्दानं हिची हाक ऐकलीय.”

“ऐकू दे. पाय धर, वबरिया.”

पारडीचे डोळे उघडले होते. ती मान उचलायला बघत होती आणि मान पुन्हा चिखलात पडत होती. वबरियाने बेटाकडे पाहिलं, झोपडीकडे पाहिलं. मग गुडघे टेकले आणि पाय धरले. चासिबने अल्लाचं नाव घेऊन गळ्यावर सुरी चालवली. पाय शांत व्हायला वेळ लागला.

“कसला आवाज झाला गं?” सासूने विचारलं.

“वर्दा हंबरली, आई.”

“मला शिकवू नकोस. रेडकाचा होता.”

वबरिया गवत आणायला गेली.

दुपारी तिने गवताचं रेडकू वर्दाच्या कासेशी टेकवलं. वर्दा आधी मागे सरली, फुसफुसली. मग हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि कास ताठरली. चासिबने सुटकेचा श्वास टाकला.

वबरिया एका हाताने पिळत होती. दुसऱ्या हाताने ते गवताचं रेडकू मागेपुढे ढकलत होती, पीत असल्यासारखं. घट्ट पिवळा चीक भांड्यात पडू लागला.

वर्दाने मान वळवली आणि रेडकाची शेपटी जिभेने बाजूला सारली. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाने पहिलं शेण टाकावं म्हणून आई तिथे चाटते. ती चाटत राहिली. थांबून हुंगायची आणि पुन्हा चाटायची.

भांडं भरलं तरी वर्दाचं चाटणं चालूच होतं, आणि तिला तिथून हलवायला वबरियाचा हात उचलेना.