एक डबा पाणी

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे. कुरखेड्याहून रानात शिरणाऱ्या रस्त्यावर, नाल्याच्या अलीकडच्या वळणावर, बेहड्याच्या झाडाखाली मी बावीस वर्षांपासून उभी आहे. मला कोणी टाकून दिलेले नाही, हे आधीच सांगते. माझा ड्रायव्हर पाणी आणायला गेला आहे.

माझा जन्म कारखान्यातला. तिथले फारसे आठवत नाही. रंगाचा वास आणि ठोकाठोक, एवढेच. खरी जगले ती माझ्या ड्रायव्हरच्या, पोचूच्या हाताखाली. मोहफुले, हिरडा, धानाची पोती, लग्नाचे वऱ्हाड, अडलेली बाळंतीण, जे चढेल ते मी वाहिले. पावसाळ्यात नवेकोरे ट्रक रुतायचे, तेव्हा लोक म्हणायचे, "पोचूची गाडी बोलवा." मी फुगून जायचे. निघताना पोचू बोनेटवर दोन थापा मारून म्हणायचा, "चाल माय." त्याशिवाय मी सुरूच होत नसे. त्याची बायको सुकरी मला सवत म्हणून चिडवायची.

पुढे माझा रेडिएटर गळू लागला. सकाळी भरलेले पाणी दुपारपर्यंत संपायचे. वैशाखातल्या एका भर दुपारी मी याच वळणावर तापून बंद पडले. पोचूने पत्र्याचा डबा उचलला आणि तो नाल्याकडे उतरला. पाचोळ्यावर त्याची पावले बराच वेळ वाजत होती, मग ऐकू येईनाशी झाली. गावाने आठ दिवस रान पालथे घातले. पोचू सापडला नाही, आणि डबाही सापडला नाही.

गेलेल्या माणसासाठी इकडे करतात तसा त्याच्या नावाचा दगड उभा करू, असे गावाने ठरवले. सुकरी म्हणाली, "गाडी उभी हाये ना, दगड कायले?" तेव्हापासून येणारा-जाणारा पोचूच्या नावाने माझ्या हौद्यात एक डहाळी टाकतो आणि मागे न पाहता निघून जातो. माझी चाके मातीत गेली, सीटमध्ये मुंग्यांनी घर केले. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

यंदाच्या उन्हाळ्यात नागपूरचे प्रफुल आणि दीपाली हे नवराबायको रान बघायला निघाले होते. प्रफुलला जुन्या गाड्यांचे भारी वेड. मला पाहताच त्याने ब्रेक मारला. गावात चौकशी करून तो सुकरीलाच घेऊन आला.

"बाई, मी हिला नवीन करतो. घरच्यासारखी जपतो," तो म्हणाला.

सुकरी आता थकली आहे.

"न्या भाऊ," ती म्हणाली. "माह्ये पाय आता इथवर येत नाई. किती वाट पाहू?"

मला रडू आले असते, पण गाडीला तशी सोय नसते.

"इथे आत्ता कोणी भांडं ठेवलं होतं का?" दीपालीने विचारले. माझ्या मडगार्डवरच्या धुळीत एक गोल, ओला ठसा होता. डब्याच्या बुडाएवढा.

प्रफुलने बोनेट उघडून रेडिएटरचे झाकण फिरवले. आत काठोकाठ थंड पाणी होते, आणि खालून थेंब थेंब गळतही होते.

"हे तर आजच भरलंय. बाई, तुम्ही भरता का?"

"मी कायले भरू? मले तं झाकणबी खोलता येत नाई."

सुकरीने त्या ओल्या ठशावर तळहात ठेवला आणि तिचे डोळे वाहू लागले.

"राहू द्या भाऊ," ती म्हणाली. "तो अजून पाणी आणून राह्यला."

जाताना दीपालीने एक डहाळी तोडून माझ्या हौद्यात टाकली. त्या दोघांनीही मागे पाहिले नाही.

मित्रांनो, रस्त्याकडेला जुनी गाडी दिसली तर तिला भंगार म्हणू नका, तिचे आरसे काढून नेऊ नका. ती कोणासाठी थांबली आहे, ते आधी गावात विचारा. आणि माझ्याजवळ आलात तर बोनेटवर थापा मात्र मारू नका. माझा घोटाळा होतो. रोज दुपारी नाल्याकडचा पाचोळा वाजतो, पोटात गार पाणी उतरते आणि बोनेटवर दोन थापा पडतात. मी कान देऊन असते. "चाल माय" एवढे मात्र अजून कोणी म्हटलेले नाही.