आत्या कुणाला सांगते

थोरली छापखान्यात प्रुफं तपासायची आणि सुट्टीच्या दिवशी घराण्याचा इतिहास लिहायची. तीन वर्षं तिने नातेवाइकांचे उंबरे झिजवले, बुरशी लागलेले फोटो पुसून वहीत चिकटवले, प्रत्येकाखाली पेन्सिलीने नाव घातलं. अडत होतं ते एकाच माणसापाशी. आत्या. वडिलांच्या पिढीतली तेवढीच उरलेली; पण फोटो पुढे धरला की म्हणायची, "आता कुठलं आठवायला, बाई."

मग धाकटी बहीण चार दिवस राहायला आली. तिला पणजोबांचं नावही धड येत नव्हतं. ताईबरोबर आत्याकडे गेली आणि वही चाळता चाळता सहज म्हणाली, "आत्या, ही वाकडा भांग पाडलेली तूच ना?"

झालं. आत्याला कंठ फुटला. मैत्रिणीची मागून आणलेली चप्पल कशी चावत होती, फोटोवाला हलू नका म्हणाला तसं हसू कसं आवरेना, सगळं बैजवार. धाकटीने फोनवर रेकॉर्डिंग लावलं. थोरली पेन्सिल धरून नुसती बसून राहिली. खस्ता आपण खायच्या आणि आयतं वाढलेलं ताट हिच्यापुढे. लहानपणापासून हेच. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

रेकॉर्डिंग थांबवून, फोन तिथेच ठेवून धाकटी पाणी प्यायला आत गेली, तसं थोरलीने विचारलंच, "मला का नाही कधी सांगितलंस?"

"रागावू नकोस. तू दारात आलीस की वहिनीच आली असं वाटतं. तेच कपाळ, तेच ओठ दाबून बघणं. तिच्यापुढे माझी जीभ उचलत नसे."

"आईने काय केलं होतं तुझं?"

"काही नाही गं. आधी दादा बाहेरून आला की पहिली हाक मला असायची. लग्नानंतर ती तिच्या वाट्याला गेली. एवढंच. पण मी चार वर्षं तिच्याशी धड बोलले नाही."

थोरलीने खरं तर आईची बाजू घ्यायला हवी होती. पण तिला आत्याचंच पटलं, अगदी आतून. ती जवळ सरकली. "मग पुढे?"

तेवढ्यात धाकटी बाहेर आली. "थांब आत्या, हेही रेकॉर्ड करते."

"हे नको," थोरलीने फोन तिच्याआधी उचलून पालथा ठेवला. "हे मला सांगते आहे ती."

धाकटीचं तोंड एवढंसं झालं. थोरलीला ते दिसलं, आणि बरंही वाटलं.