तिसऱ्या वेळी उचललेलं वजन

त्या सकाळी शस्त्र तपासायच्या खोलीत दोघंच होते, मामा आणि भाची, आणि खरं सांगायचं तर सगळ्या घोळाचं मूळ तिथेच आहे. मामा नेमबाजी केंद्राचा कारागीर. आधी वीस वर्षं घड्याळं दुरुस्त करायचा, म्हणून लोक त्याला घड्याळजीच म्हणत. स्पर्धेच्या दिवशी प्रत्येक पिस्तूल त्याच्या हातून जायचं, आणि त्याचा शिक्का पडल्याशिवाय एकही लेनवर चढायचं नाही. भाचीला सगळे बारकी म्हणत. अंगानं होतीच तशी, फुंकर मारली तर उडेल अशी. पिस्तूल धरलं की मात्र तिचा हात हलायचं नाव घेत नसे.

तिचं पिस्तूल नवं कोरं, आठ दिवसांपूर्वी खोक्यातून निघालेलं. तपासणी तशी सोपी असते. नळी वर करून पिस्तूल धरायचं, चापाला एक किलोचं वजन अडकवायचं आणि हळूच उचलायचं. वजन अधांतरी राहिलं तर पास. आत टक झालं, म्हणजे गोळीवर आदळणारा घोडा पडला, तर चाप फार हलका. तीन संधी असतात, आणि तिन्हीत एकदा जरी वजन राहिलं तरी चालतं.

पहिल्यांदा टक झालं. घड्याळजीनं चापाचा स्क्रू अर्धा फेरा आवळला. दुसऱ्यांदा पुन्हा टक. आता स्क्रू आवळला की चाप जड व्हायलाच हवा, हे शेंबड्या पोरालाही कळेल. नाही झाला, तर दुखणं स्क्रूत नाही, आत आहे. घोडा ज्या इवल्याशा पोलादी दातावर अडून राहतो, तो दातच नीट धरत नसणार. तिसऱ्यांदा त्यानं श्वास रोखून उचललं, आणि वजन राहिलं.

"झालं?" बारकी बूट बांधत होती, तिचं लक्षही नव्हतं.

"झालं. पळ."

कागदावर तीन संधींचे तीन चौकोन असतात. पहिले दोन त्यानं कोरे ठेवले, तिसऱ्यात बरोबरची खूण केली आणि शिक्का मारला. संघात दोन जागा होत्या आणि निवडीची ही शेवटची फेरी. गेल्या वर्षी बारकीची जागा एका गुणानं हुकली होती, त्याच्या आदल्या वर्षी दोन गुणांनी. या खेपेला हातातोंडाशी आलेला घास जाऊ द्यायचा नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. माणूस शहाणा असला तरी आपल्या माणसाच्या बाबतीत त्याची अक्कल गहाण पडते, ती अशी.

सकाळचा टप्पा सुरळीत पार पडला. तीस गोळ्या, एकही कुरकुर नाही, आणि बारकी दुसरी. घड्याळजीनं जेवताना स्वतःची समजूत घातली की आपण उगाच घाबरलो.

दुपारी दुसरा टप्पा. हुकूम आला, "भरा." बारकीनं मॅगझिन सरकवलं, स्लाइड म्हणजे गोळी आत ढकलणारा वरचा सरकता भाग सोडला, आणि बार उडाला.

तिचं बोट चापावर नव्हतं. गोळी समोरच्या फरशीवर आपटली, तिरपी उडाली आणि शेजारच्या लेनच्या टेबलाच्या पायात घुसली. तिथे बँकेत नोकरी करणारी एक बाई उभी होती. तिच्या गुडघ्यापासून ते भोक वीतभर लांब. ती बिचारी आधी भोकाकडे पाहत राहिली, मग गुडघ्याकडे, आणि मग मटकन खालीच बसली.

आणि बारकीनं काय करावं? मॅगझिन काढलं, स्लाइड उघडली, पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवलं आणि मग हात वर केला. अकराव्या वर्षापासून मामानंच तिच्याकडून घोकून घेतलं होतं, काही बिनसलं की आधी पिस्तूल उघडायचं, मग तोंड. इतर वेळी सोन्यासारखी सवय. पण नियम असा की पिस्तुलात बिघाड झाला असं म्हणायचं असेल तर त्याला हात लावायचा नाही, आहे तसं ठेवून पंचांना बोलवायचं. हात लावलात की पुरावा गेला आणि चूक तुमची. मामाची शिकवण अशी तिच्या मुळावर आली.

मुख्य पंच म्हणजे एका शाळेच्या मुख्याध्यापिका, आणि नजर शाळेतलीच. पिस्तूल घेऊन त्या तपासणीच्या खोलीत आल्या. मागून बारकी, पांढरीफटक.

"हुकमाआधी गोळी सुटली. बोट चापावर असेल तर मुलगी बाद, आणि वर्षभर बंदी," पंचबाई म्हणाल्या. "पिस्तुलात खोट असेल तर दाखवा. रिकाम्या पिस्तुलाची स्लाइड दहा वेळा सोडू. दहात एकदा जरी घोडा आपोआप पडला तरी मी मानेन."

घड्याळजीनं स्लाइड मागे ओढून सोडली, चाप दाबला. टक. म्हणजे घोडा नीट अडलेला होता. दुसऱ्यांदा टक. तिसऱ्यांदा टक. सकाळी हाच टक ऐकून त्याचा जीव खाली-वर झाला होता आणि आता तो एकदा तरी चुकावा म्हणून तो मनातल्या मनात हात जोडत होता. सातव्यांदा टक. बारकी भिंतीला टेकून मामाच्या हातांकडे बघत होती. दहाव्यांदाही स्वच्छ, खणखणीत टक झालं.

"पिस्तूल ठणठणीत आहे," पंचबाई म्हणाल्या.

"मॅडम, उघडून बघू द्या. आतला दात..."

"बघा. पण तुम्ही तिचे मामा, अवजारं तुमची. दात कुणी आणि कधी घासला, ते मला कसं कळणार?"

त्या कागद भरायला टेबलाकडे वळल्या. घड्याळजीच्या खिशात लहान स्क्रू-ड्रायव्हर होता. दाताच्या स्प्रिंगचा स्क्रू पाव फेरा सैल केला असता तर घोडा तिथल्या तिथे पडला असता. "अजून एकदा बघू या का?" एवढंच म्हणायचं. पंचबाईंची पाठ होती. बारकीनं मामाचा हात खिशाकडे जाताना पाहिला आणि नजर दुसरीकडे फिरवली. तीही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती त्या क्षणी.

हात खिशात गेला आणि तिथेच थांबला. याच खोक्यांमधली आणखी चार पिस्तुलं आज लेनवर होती, एकाच गठ्ठ्यात आलेली. बँकेतल्या त्या बाईच्या हातातलंही त्यातलंच. इथे सैल स्क्रू सापडला की सगळे म्हणतील, बरं झालं, स्क्रूच होता, आणि अर्ध्या तासात ती चारही पुन्हा भरली जातील. सगळ्या गोळ्या टेबलाच्याच पायात जातील असं थोडंच आहे?

त्यानं हात रिकामा बाहेर काढला.

"मॅडम, उरलेली चारही पिस्तुलं थांबवा. एकाच गठ्ठ्यातली आहेत. दात कच्चे आहेत."

"कशाच्या जोरावर थांबवू? खेळाडू माझ्या नावानं बोंब मारतील. सकाळी तुम्हीच पाचही पास केलीत."

घड्याळजीनं मनात हिशेब केला. बोललो तर आपण बुडणार, न बोललो तर पोरगी, आणि वर कुणाचा तरी जीव. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. त्यानं सकाळचा कागद फाइलमधून काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"हे दोन चौकोन कोरे आहेत. ते कोरे नकोत. दोन्ही वेळा घोडा पडला होता. स्क्रू आवळूनही पडला. मला तेव्हाच कळलं होतं की दात धरत नाही. तरी मी शिक्का मारला."

पंचबाईंनी चष्मा काढला. "का?"

"भाची आहे म्हणून."

पंचबाईंनी कागद उलटसुलट पाहिला. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारा माणूस खोटं कशाला बोलेल, हे त्यांना कळत असावं. त्यांनी दार उघडून हाक मारली आणि चारही पिस्तुलं मागवून घेतली.

या वेळी स्लाइड त्यांनी स्वतः सोडल्या. पहिलं पिस्तूल दहाही वेळा वाजलं. दुसरं बँकेतल्या बाईचं. पाच वेळा टक झालं. सहाव्यांदा त्यांनी चाप दाबला आणि काहीच वाजलं नाही, घोडा स्लाइडबरोबरच पडून गेला होता. त्यांनी पिस्तूल फार सावकाश टेबलावर ठेवलं.

"पाचही बंद," त्या म्हणाल्या. "मुलगी बाद नाही. अर्ध्या तासानं पुन्हा सुरू करू, सगळ्यांनी दुसरी पिस्तुलं आणा." मग घड्याळजीकडे न बघता, "शिक्का आणि किल्ल्या इथे ठेवा. उद्यापासून येऊ नका."

त्यानं ठेवल्या. पंचबाई कागद घेऊन बाहेर गेल्या.

बारकी अजून भिंतीलाच टेकून होती. तो तिच्याकडे बघून हसायला गेला, कारण काही झालं तरी पोरगी वाचली होती.

"तुला सकाळीच कळलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"माझं जुनं पिस्तूल कुठेय?"

"कपाटात. तेल घालून ठेवलंय."

"या कपाटात?"

त्यानं मान हलवली. कपाट त्याच्या पाठीमागेच होतं, खुर्चीतून न उठता हात पोचेल एवढ्यावर. जुन्याची मूठ तिच्याच हाताच्या मापानं त्यानं स्वतः घासली होती.

"मग सकाळी का नाही दिलंस?"

"त्याची स्लाइड जड चालते. दुसऱ्या टप्प्यात एखादा गुण जातो." हे बोलताना त्याला स्वतःचीच लाज वाटली. "मला वाटलं, एका गुणासाठी पुन्हा रडशील."

"त्या बाईला दोन लहान मुलं आहेत, मामा. मघाशी पाणी पिताना सांगत होती."

ती रडली असती, ओरडली असती, तर त्याला सोसलं असतं. ती नुसती पुढे आली आणि टेबलावरच्या किल्ल्या उचलून तिनंच कपाट उघडलं. दहा वर्षं ती त्याच्या हातून पिस्तूल घ्यायची आणि थेट लेनवर जायची. आत काय आहे हे कधी पाहायची नाही. मामानं दिलंय ना, मग झालं. आज तिनं जुनं पिस्तूल दिव्याखाली धरलं, स्लाइड ओढली, आत डोकावली, सोडली, चाप दाबला. टक. पुन्हा ओढली. तो समोर उभा होता आणि ती त्याच्यासमोर, मान खाली घालून, एकेक टक मोजत होती. दहा झाल्यावर तिनं पुन्हा एकपासून सुरुवात केली.

मग पिस्तूल घेऊन ती पंचबाईंकडून वजन लावून घ्यायला गेली. जाताना दार तिनं हळूच ओढून घेतलं.

घड्याळजी खुर्चीत बसला. नोकरी गेल्याचं त्याच्या मनात अजून आलंच नव्हतं. थोड्या वेळानं पलीकडून हुकूम ऐकू आला, "भरा," आणि मग लांबवर स्लाइड बंद झाल्याचे आवाज. बार उडाला नाही. तो उठून खिडकीपाशी गेला नाही.