नॉर्बी म्हणतो, सगळं चालतं

अल्मेंद्रा गावात उन्हाळा असा पडतो, की गाईच्या आचळातून दूध निघतं तेच विरजण लागून. बदामाच्या झाडाखाली उभं राहावं तर डोक्यावर भाजलेले बदाम पडतात. मीठ तेवढं घरून न्यायचं. कॅलिफोर्नियाच्या त्या सपाट खोऱ्यात माणसांपेक्षा गाई जास्त, आणि गाईंपेक्षा पोर्तुगीज मावश्या जास्त. पणजोबांच्या काळात पोर्तुगीज बेटांवरून आलेली ही मंडळी जन्मभर गाईंच्या शेपटामागे चालली. पोरांनी मात्र पुस्तकांमागे जावं म्हणून त्यांनी चर्चमध्ये इतक्या मेणबत्त्या लावल्या, की छतावरचे देवदूत काजळी धरून ओळखू येईनासे झाले.

पोरांचा रस्ता ठरलेला होता. दोन वर्षं गावच्या कॉलेजात काढायची, म्हणजे फी नावापुरती आणि जेवण घरचं. मग तिसऱ्या वर्षाला थेट समुद्राकाठच्या विद्यापीठात उडी. या उडीत किती जणांचे पाय मोडले ते गावात कुणी बोलत नसे. नीट उडी मारलेला एकच सगळ्यांना ठाऊक होता, तो म्हणजे फिलोमेनाचा नॉर्बेर्तो. त्याचा फोटो पोर्तुगीज हॉलच्या भिंतीवर, दरवर्षी सणाला निवडलेल्या राण्यांच्या रांगेत लागला होता. मुकुट घातलेल्या पंचवीस मुली आणि त्यांच्यात विद्यापीठाचा निळा सदरा घातलेला हा एक बाप्या.

इदालिना तोश्ते ही त्याची मावसबहीण. तिला गुरांची डॉक्टर व्हायचं होतं. त्यासाठी आधी विद्यापीठातल्या पशुविज्ञानात जागा हवी होती, आणि ती कशी मिळवायची हे विचारायला दादासारखा दुसरा कोण? नॉर्बी महिन्यातून एकदा धुण्याचं गाठोडं घेऊन घरी यायचा, आईच्या स्वयंपाकघरात पाय पसरायचा आणि सॉसेज खात खात ज्ञान द्यायचा.

"गावच्या कॉलेजातलं सगळं तिकडे चालतं," तो म्हणायचा. "विषय कुठला का असेना. क्रेडिट म्हणजे क्रेडिट."

"पण रसायनशास्त्र दोन सत्रांचं घ्यावं लागतं म्हणे."

"कोण म्हणे?"

"वर्गातली एक मुलगी. कॉलेजच्या सल्लागाराकडे जाऊन आली ती."

"सल्लागार!" नॉर्बीला ठसका लागला. "अगं, पोरं गावातच राहिली तरच त्याची खुर्ची राहते. तो तुला जाऊ देईल? रसायन तिकडे गेल्यावर घे, तिथे ते सोपं असतं. इथे हलके विषय घे, मार्क भरपूर पाड. गावच्या कॉलेजची दोन वर्षांची पदवी हातात आली की तिकडे दार उघडावंच लागतं त्यांना. कायदाच आहे तसा."

"खरंच कायदा आहे?"

"मी काय खिडकीतून आत शिरलो?"

आता असं बघा, की कॉलेजात सल्लागाराच्या दारापुढे रांग असायची, आणि नॉर्बीच्या पुढे फक्त सॉसेजची थाळी. शिवाय अल्मेंद्रात एक रीत आहे. घरातल्या माणसाने एकदा सांगितलं, की तेच परक्याला विचारणं म्हणजे घरच्याला खोटं पाडणं. इदालिनाने परक्याला विचारलं नाही. तिने चीज चाखण्याचा अभ्यासक्रम केला, लोकनृत्य केलं, चेंडू लोटून बाटल्या पाडायचा खेळही केला आणि त्यात असा हात बसवला, की ती दारातून आत आली की बाटल्या आपणहून आडव्या व्हायच्या. सगळ्यात पहिली श्रेणी. पदवीही मिळाली.

आणि विद्यापीठाने नाही म्हटलं.

काहीतरी गफलत झाली असणार, असं धरून एका सकाळी ती आईची गाडी घेऊन डोंगर ओलांडून समुद्राकाठी गेली. प्रवेश विभागातल्या बाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. बाई वयस्कर होत्या, आवाज कोरडा, पण तुसडा नव्हे.

"तुझी क्रेडिटं आम्हाला मान्य आहेत," त्या म्हणाल्या. "एकूण एक. पण मान्य होणं वेगळं आणि कामी येणं वेगळं. पाहुणे म्हणून आली आहेत ती, ओसरीवर बसली आहेत. पशुविज्ञानाच्या घरात शिरायला दोन सत्रं रसायन लागतं, जीवशास्त्र लागतं, गणित लागतं. तुझ्याकडचं एकही आत येत नाही."

"पण माझ्याकडे पदवी आहे. पदवी असली की घ्यावंच लागतं ना?"

"कुठल्या ना कुठल्या विद्यापीठात जागा मिळते, ज्या त्या ठिकाणच्या अटींवर. हव्या त्या ठिकाणी, हव्या त्या विषयाला, असं कुणीच लिहून दिलेलं नाही. तुझ्या कॉलेजातल्या सल्लागाराने सांगितलं नाही?"

"मी गेले नाही त्यांच्याकडे."

"का?"

बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. "अजून काही बिघडलेलं नाही. गावात परत जा, हे विषय कर, पुन्हा अर्ज दे. वर्ष जाईल, कदाचित दीड."

ती बाहेर आली तेव्हा पार्किंगमध्ये गाड्यांची झुंबड होती. नारिंगी जाकीट घातलेला एकजण शिट्टी फुंकत हात हलवत होता. या गाडीला इकडे, त्या गाडीला तिकडे. जाकिटाच्या गळ्यातून निळा सदरा डोकावत होता.

"नॉर्बी?"

त्याची शिट्टी तोंडातच राहिली. मागे एका गाडीने भोंगा वाजवला, तिच्या मागे आणखी चारांनी.

"सुट्टीतलं काम आहे का हे?" इदालिनाने विचारलं. तिला अजूनही त्याला वाट काढून द्यायची होती.

नॉर्बीने ती वाट घेतली नाही. भोंग्यांनी घाईला आला असेल, किंवा दमला असेल. "मला पण तेच सांगितलं त्या बाईनं," तो म्हणाला. "ओसरी, पाहुणे, सगळं तेच. दोन वर्षांपूर्वी. गावात हॉलवर फोटो लावून झाला होता, मी परत कुठल्या तोंडाने येणार होतो?"

"मग मला तेच विषय घ्यायला का लावलेस?"

तो शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिला.

"नॉर्बी, तुला माहीत होतं. मी रसायन घेणार होते. तूच मला अडवलंस."

"तू आली असतीस ना इकडे," तो म्हणाला, "तर पहिल्याच दिवशी मी दिसलो असतो तुला. इथेच, असा."

इतकं साधं होतं ते. एका जाकिटापायी तिची दोन वर्षं गेली होती.

"मी मावशीला सांगणार आहे," ती म्हणाली.

"सांग की. आईला माहीत आहे." मग खाली बघत, "तुझ्याही आईला."

घरी आई, ऑलिंदा, सणासाठी गोड पावाची कणीक मळत होती. कणीक एवढी फुगली होती, की बाप आणि कुत्रा दोघांना परसात जावं लागलं होतं. इदालिना दारातच उभी राहिली.

"आई, नॉर्बी गाड्या लावतो. तुला कधीपासून माहीत आहे?"

ऑलिंदाचे हात थांबले नाहीत. "मागच्या वर्षीच्या ईस्टरपासून. फिलोमेना रडली माझ्यापाशी."

"ईस्टरनंतर मी तुला विचारलं होतं. याच टेबलाशी. रसायन घेऊ की नॉर्बी म्हणतो तसं करू."

"हो."

"तू काय म्हणालीस?"

आईने कणीक उलटली.

"तू म्हणालीस, नॉर्बी गेलाय ना पुढे, त्याचं ऐक."

"मग काय सांगू? बहिणीची शपथ होती माझ्यावर. त्याचं ऐकू नकोस म्हटलं असतं तर तू 'का?' म्हणून विचारलं असतंस, आणि मग..." तिने कणकेवर मूठ मारली. "तू हुशार आहेस गं. मला वाटलं, तू कशी पण निभावून नेशील. त्याचं तसं नाही."

"म्हणजे मी हुशार, म्हणून मला बुडवलंत?"

"आवाज हळू. मावशी येईल आता."

सण आला. पवित्र आत्म्याच्या सणाला चर्चमधून चांदीचा मुकुट मिरवत हॉलवर आणतात, आणि मग सोपाश वाढतात: पावाच्या जाड तुकड्यांवर पुदिना, त्यावर गोमांसाचा उकळता रस्सा. तो सगळ्यांना फुकट. गावचा असो, परका असो, वाटेने जाणारा ट्रकवाला असो, त्या दिवशी वाडगा पुढे करणाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही. एकदा म्हणे एक बैल रांगेत उभा राहिला होता; त्यालाही वाढला, फक्त भाजीचा.

नॉर्बी निळ्या सदऱ्यात रांगेशेजारी उभा होता, आणि त्याच्यासमोर ग्रासिएत सिमाश, शाळा नुकतीच संपवलेली, कपाळावर फुलांचं कडं. इदालिना वाडगा घेऊन त्यांच्या मागेच होती.

"इदालिनाताई," ग्रासिएत वळून म्हणाली, "नॉर्बीदादा म्हणतो, गावच्या कॉलेजातलं सगळं तिकडे चालतं. मला नर्स व्हायचंय. शरीरशास्त्राऐवजी लोकनृत्य घेतलं तरी चालेल?"

नॉर्बीने इदालिनाकडे पाहिलं. त्याच्या नजरेत विनवणी होती. पण त्यापेक्षा वाईट म्हणजे, भरवसा होता.

"नाही चालणार," इदालिना म्हणाली. "त्याचंही नाही चाललं. विद्यापीठाने त्याला घेतलेलंच नाही. तो तिथे गाड्या लावतो. त्याचं ऐकून मलाही घेतलं नाही. सोमवारी कॉलेजच्या सल्लागाराकडे जा, रांग कितीही असू दे. मी पण येते."

हॉलमध्ये चारशे चमचे एकदम थांबले. एवढी शांतता झाली, की भिंतीवरच्या राण्यांनी श्वास घेतलेला ऐकू आला. नॉर्बी वळला आणि मधल्या बाकांतून वाट काढत बाहेर गेला. कुणी त्याला हाक मारली नाही.

रांग सरकली. खिडकीशी पाव द्यायला फिलोमेना मावशी होती आणि रस्सा वाढायला आई. इदालिनाने वाडगा पुढे केला. मावशीने तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत पाव मागच्या माणसाच्या वाडग्यात टाकला.

"आई, वाढ ना."

ऑलिंदाने भांड्यात पाहिलं. "पुढे व्हा," ती म्हणाली. "मागे लोक थांबलेत."

पुढे व्हा. पोटच्या पोरीला.

इदालिना हलली नाही. वाडगा तसाच धरून उभी राहिली. मागे रांग वाढत गेली, हॉलच्या दाराबाहेर पडली, पार्किंगला वळसा घालून रस्त्याला लागली. काही जण अजून शपथेवर सांगतात, की रांगेचं शेपूट त्या दिवशी पुढच्या गावच्या चर्चला टेकलं होतं. कुणी ओरडलं, कुणी हसलं. ग्रासिएतने विचारलं, "काय झालं?" आणि तिच्या आईने तिला चिमटा काढला.

शेवटी ऑलिंदाने पळी भांड्यात बुडवली, काठोकाठ भरून वर काढली, आणि तशीच हवेत धरून बहिणीच्या तोंडाकडे पाहत राहिली.