दोन चिरांचा पाव

बेकरीच्या मागच्या दारी, भट्टीच्या उबेला एक लांब बाक होतं. रोज सकाळी सात वाजता तिघांची दुखणी तिथे येऊन बसत, आणि त्यांच्या मागोमाग ते तिघे.

"डावा गुडघा म्हणतोय, दुपारपर्यंत पाऊस," टपालरावांनी बसता बसता जाहीर केलं. जन्मभर सायकलवरून पत्रं वाटून झाल्यावर त्यांचा गुडघा हवामान खात्यालाही जुमानेनासा झाला होता.

"काल म्हणाला होता कडक ऊन," शिंपीबुवा कडाडले. त्यांची पाठ अशी वाकली होती की उभे राहिले तरी मशीनवर बसल्यासारखे दिसत. "तुझ्या भरवशावर छत्री न घेता गेलो, चिंब भिजलो. आता पाठ धरलीय ती सोडायचं नाव घेत नाही."

"काल उजव्याला विचारलं होतं. तो अजून नवशिका आहे."

मास्तर खो खो हसले आणि हसता हसता त्यांनी आपला खांदा चोळून घेतला. या बाकावर खांदा दुखला तरी बरा वाटायचा.

तेवढ्यात दादा टोपली घेऊन आला. बेकरी त्याची. सत्तरी गाठलेली, भुवया कायम पिठाळलेल्या, आणि स्वतःच्या दुखण्याविषयी चकार शब्द नाही. टोपलीत तीन गरम पाव: एकावर एक चीर, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. दोन चिरांचा मास्तरांचा. दुसऱ्याच्या पावाकडे कुणी हात नेला की दादा चापट मारायचा. "मार्कांचा घोळ होतो," म्हणायचा.

मार्क द्यायचे म्हणजे काय, तर वर्षभरापूर्वी या तिघांना डॉक्टरांनी एकामागून एक धरलं होतं. मास्तरांचं मीठ बंद, शिंपीबुवांची साखर बंद, टपालरावांचं लोणी बंद, आणि बेकरीचा पाव तिघांनाही बंद. मग यायचं कशाला, नुसता वास घ्यायला? एकेक करून तिघेही घरी बसले. महिनाभर बाक रिकामं राहिलं. त्यानंतर दादा स्वतः एकेकाच्या दारात जाऊन उभा राहिला. पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाला, "तापानं माझी जीभ गेली रे. गोड कळत नाही, खारट कळत नाही. तुम्ही चाखून सांगितलं नाहीत तर माझी भट्टी बसली समजा."

मित्रासाठी पथ्य मोडायचं! तिघांच्याही अंगात वीरश्री संचारली. तेव्हापासून मास्तर खिशात खडू आणत, पिठाच्या डब्याच्या काळ्या झाकणावर मार्क मांडत. "मीठ अंमळ जास्त," मास्तर म्हणत. "साखर फार," शिंपीबुवा म्हणत. "लोणी किती ओतलंयस!" टपालराव म्हणत. दादा मान खाली घालून ऐकून घेई. दहापैकी सातच्या वर मास्तर कधी गेले नाहीत. शाळेतही त्यांचा तोच लौकिक होता.

त्या दिवशी बाकावरून उठून मास्तर डॉक्टरांकडे गेले ते गुन्हेगारासारखेच. रोज एक पाव हाणणाऱ्याचा रक्तदाब काय असणार! पण तो मोजून डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "पथ्य पाळावं तर तुमच्यासारखं. आता मिठाची आठवणही येत नसेल ना? वर्षभर मीठ तोडलं की जीभ इतकी हळवी होते, चिमूटभरही मूठभर वाटतं."

मास्तर दवाखान्याच्या जिन्यातच थबकले.

वर्षभर ते मीठ कमी करायला सांगत होते. शिंपीबुवा साखर, टपालराव लोणी. पथ्यानं बिघडलेल्या तीन जिभांनी मिळून एका चांगल्या पावाची पार वाट लावली होती, आणि बिचारा दादा त्यांच्यावर डोळे मिटून विसंबला होता. कोपऱ्यावर वळले तर बेकरीच्या दर्शनी दारावर नवी पाटी: दुपारी दुकान बंद राहील. तीस वर्षांत दुपारी कधी बंद नव्हतं. म्हणजे गिऱ्हाईक तुटलं! दादाचं दुकान बुडवणारे आपण, आणि त्यावर रोज सात मार्क देऊन ऐट मिरवणारेही आपणच.

दुकान बंद व्हायला अजून अर्धा तास होता. वर्षभरात प्रथमच ते पुढच्या दारानं आत शिरले. गल्ल्यावर दादाची सून होती.

"एक पाव दे गं."

"नाही काका. तुम्हा तिघांना दुकानातला पाव द्यायचा नाही, अशी सक्त ताकीद आहे मामांची."

"का म्हणून?"

"अहो, यात मीठ असतं, लोणी असतं. तुमचे तीन पिठाचे गोळे ते वेगळे मळतात ना. कुणाचा कुठला ते कळावं म्हणून चिरा मारतात. सुरुवातीला मीठ थोडं घालायचे, मग तुम्ही म्हणाल तसं कमी करत आणलं. आता तुमच्या पावात नावालाही नाही." मास्तरांचा चेहरा पाहून तिनं जीभ चावली. "तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मास्तरांनी तिच्या पुढ्यातला पावाचा तुकडा उचलून तोंडात टाकला. खमंग, खारा, लोण्यानं ओथंबलेला. जसा पहिल्यापासून होता तसाच.

"आणि त्याची जीभ?" त्यांनी हळूच विचारलं.

"जिभेला काय धाड भरलीय? काल माझ्या सूपमध्ये मिरी जास्त पडली, ते दारातूनच ओळखलं."

"मग ही पाटी?"

"तीन वेगळे गोळे म्हणजे पहाटे तासभर लवकर उठणं आलं. वर्षभर रेटलं, आता झोप पुरत नाही. हातही भरून येतात. मीच हट्टानं पाटी लावली, दुपारी तरी आडवे व्हा म्हटलं. तुम्ही ओरडू नका हं त्यांना. हात दुखतात हे कुणाला सांगू नको म्हणाले होते."

मास्तर बाहेर येऊन फुटपाथवर उभे राहिले. त्यांना रडू आलं, आणि हसूही आलं. आपण मित्रासाठी पथ्य मोडतोय म्हणून छाती काढून फिरत होतो, आणि तो आपल्याला पथ्य पाळायला लावत होता, वर आपल्याच शिव्या खात होता. असा माणूस त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. उद्या दहापैकी दहा, त्यांनी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी टोपली आली. शिंपीबुवांनी साखरेवरून भांडण काढलं, टपालरावांच्या गुडघ्यानं वादळ वर्तवलं. बाहेर लख्ख ऊन होतं. मास्तरांनी दोन चिरांचा पाव तोडला. अळणी. तो त्यांनी शेवटच्या तुकड्यापर्यंत सावकाश खाल्ला.

"काय मास्तर? मीठ?" दादानं हात मागे बांधून विचारलं. त्याची बोटं सुजलेली होती. मास्तरांना ती वर्षभरात कधी दिसली नव्हती.

मास्तरांनी खडू उचलला. एकावर शून्य लिहायला हात शिवशिवत होता. पण दहा पाहिले की या माणसाला सगळं कळणार, आणि मग हा बाकावर रोग्यांना जेवू घालणारा होणार, तिघे पुन्हा रोगी होणार. खडू क्षणभर झाकणाच्या वरच राहिला.

"मीठ अंमळ जास्तच आहे," मास्तर म्हणाले. "आणि एकट्या माणसाला रोज एवढं पीठ मळणं झेपत नाही, मार्क देऊन देऊन मीही थकलो. उद्यापासून आम्ही पहाटेच येतो. पीठ आम्ही मळू, तू नुसता हुकूम सोड. काय रे, शिंपीबुवा?"

"माझी पाठ..." शिंपीबुवांनी सुरुवात केली.

"मळून सुटते पाठ. टपालराव, गुडघ्यानं पीठ मळत नाहीत, तेव्हा तुझीही सबब चालणार नाही."

मास्तरांनी आकडा मांडला आणि खडू खिशात टाकला. दादानं झाकणाकडे वाकून तो वाचला. साडेसात.

"अर्धा कशाचा वाढवलास?"

"हवेचा," मास्तर म्हणाले. "हवा छान पडलीय आज."