हिरवा केक

मामाच्या बेकरीत पिस्त्याचा केक सगळ्यात महाग, साध्या केकच्या तिप्पट. "सोनं लावता की काय त्याला?" असं विचारणारी गिऱ्हाइकं रोज भेटतात आणि गल्ल्यावरून मी रोज तेच ऐकवते, "खाऊन बघा, मग बोला."

कोपऱ्यावरचा शिंपी मात्र कधी घासाघीस करत नाही. त्याच्या मुलीला शेंगदाणा चालत नाही, कणभर पोटात गेला तरी घसा सुजतो. आज तिचा वाढदिवस, दर वर्षीप्रमाणे तो हाच केक न्यायला आला. "ताई, यात शेंगदाणा नाही ना?" त्याने दोनदा विचारलं.

"अहो दादा, शुद्ध पिस्ता! म्हणून तर एवढी किंमत," मी छातीठोकपणे सांगितलं. तो खोका सांभाळत गेला.

आत मामा मिक्सर धूत होता. शिंपीदादा आत्ताच पिस्त्याचा केक घेऊन गेले, म्हटलं, तर हा हसायलाच लागला. "पिस्ता कुठला, वेडे! भाव बघितलास का? आधी खराच घालायचो, आता महिनाभर शेंगदाण्याचा कूट घालतोय. वर हिरवा रंग अन् दोन थेंब इसेन्स. कुणाच्या बापाला कळलं? लोक नुसते नावाचे पैसे देतात."

"मामा, अरे, त्यांच्या पोरीला शेंगदाणा..." मामाचं हसू जागच्या जागी विरलं.

शिंपीदादांना फोन लावला. वाजतोय, वाजतोय, कोणी उचलेल तर शपथ! मी एप्रनसकट धावत सुटले. "काय गं, आग लागली का कुठे?" कुणीतरी ओरडलं. तोंडात शिव्या येत होत्या, मामाला आणि त्याहून जास्त मला. देवा, अजून कापू देऊ नकोस, एवढंच मनात.

शिंप्याचं घर त्याच्या दुकानाच्या वरच. जिन्यात असतानाच वरून टाळ्या ऐकू आल्या आणि मी उरलेल्या पायऱ्या दोन-दोन करत चढले.

दार उघडंच होतं. मुलीच्या ओठाला हिरवं क्रीम. "थुंक! थुंक आधी!" मी किंचाळले आणि तिच्या हातातली बशी उडवली. "शेंगदाणा आहे त्यात!"

"पण तुम्हीच तर म्हणालात..." शिंपी माझ्याकडे बघतच राहिला. तेवढ्यात मुलगी गळा खाजवायला लागली. ओठ फुगले, आवाज बसला, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. तिच्या आईने कपाटातून ॲलर्जीसाठी जपून ठेवलेलं इंजेक्शन काढलं. तिने ते पोरीच्या मांडीत टोचलं. शिंप्याने पोरीला उचललं आणि खाली मिळेल ती गाडी थांबवली.

दवाखान्यात मी त्यांच्यापासून लांबच बसले, जवळ जायची हिंमतच नव्हती. पोर गेली तर? दुसरं काही सुचतच नव्हतं. मामा आला, घामाने निथळत दारातच उभा राहिला. त्याचं तोंडही बघवेना.

शेवटी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. धोका टळलाय, म्हणाल्या, पण आज इथेच ठेवू. शिंपी हमसून हमसून रडला.

मुलीने मला आत बोलावलं. ओठ अजून जाडच होते. मी माफी मागणार, तोच ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "ताई, केक मस्त होता पण. अगदी मागच्या वर्षीसारखाच."

मामा माझ्या मागेच उभा होता. त्यानेही ते ऐकलं.