साबणवाल्याच्या मोरीतली फरशी

"खाज आली पाहुणी, तिला गार पाणी;
नखं ठेवा दाराबाहेर, जाईल मग शहाणी."

लहानपणी तिच्या कोपराच्या लवणीवर ओलं फडकं ठेवून आई असं गुणगुणायची. आई गेली, पाहुणी मात्र येत राहिली. चाळिशी उलटल्यावर तर तिनं दोन्ही हातांवर बिऱ्हाडच थाटलं.

नवरा साबणवाला. घरामागच्या खोलीत तेल तापवायचा, साच्यात ओतायचा, वड्या पाडायचा. बायकोचा त्रास त्याला बघवेना. त्यानं खास तिच्यासाठी गुलाबाचा साबण केला. खाज वाढली. मग मोगरा घातला. आणखी वाढली. "थांब, आता बघतोच तिच्याकडे!" म्हणत त्यानं लवंगेचं तेल ओतलं.

शेवटी ती एकटीच त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. साबणाची कहाणी ऐकून बाई हसल्याच. "हा इसब. कुणाला लागत नाही, पण मुळासकट जातही नाही, सांभाळून घ्यायचा. तुमची कातडी कोरडी, हळवी. तिला वास सोसत नाही. कोमट पाण्यानं झटपट अंघोळ, अंग ओलसर असतानाच बिनवासाचं मलम. लाल चट्ट्यांवर ही दुसरी ट्यूब, सांगते तेवढेच दिवस. आणि तो साबण बंद!"

दोन महिन्यांत हात मऊसूत झाले. पण नवऱ्याला सांगायचं कोणत्या तोंडानं? वडी झिजलेली दिसावी म्हणून ती रोज त्या वडीनं मोरी घासायची.

तो मात्र हवेत. येईल त्याला बायकोचे हात दाखवायचा. एका सकाळी वेष्टनाचा नमुनाच घेऊन आला: 'इसबावर घरचा साबण'.

"पाचशे छापतोय! आणि पहिली वडी शेजारच्या बाळाला. गाल बघितलेस त्याचे? लालबुंद, नुसता चोळत असतो बिचारा."

तिनं त्याचं मनगट धरलं आणि त्याला मोरीत आणून उभं केलं. फरशी आरशासारखी लखलखत होती. त्याच्या मिशासुद्धा तीत दिसत होत्या.

"अगं, काय लावलंस हिला?"

"तुमचा साबण."

"बघ!" तो खुलला. "म्हटलं नव्हतं, हातात गुण आहे माझ्या?"

"आहेच हो," ती म्हणाली, आणि मनगट सोडलं नाही. "पण दोन महिने मी तो अंगाला लावलेलाच नाही. माझी खाज त्यानंच वाढत होती. बाळासाठी करायचंच असेल, तर एवढं करा, त्याच्या आईला मला मलम देणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता द्या."